शेवटचे आठ काप

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. काडेपेटीहून लहान, पांढरट. माझ्या पोटात एका बाईच्या फुफ्फुसातून सुईने काढलेला, दोऱ्याएवढा तुकडा आहे. म्हणजे होता.

मित्रांनो, दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या ताईंनी तो तुकडा वितळलेल्या मेणात अलगद निजवला. मेण थिजलं आणि मी झालो. यंत्राच्या पात्यावर माझे केसाहून पातळ काप निघाले. डॉक्टरांनी ते काचेवर पाहिले, "काप सुरेख आलेत हं," म्हणाले आणि कागदावर 'कर्करोग' असं लिहिलं. मला काही वाटलं नाही. मेणाला वाटत नाही.

मग आज एक तपासणी, आठवड्याने दुसरी, असं चाललं. दर वेळी यंत्रावर चढवलं की आधी माझा वरचा थर तासून सपाट करतात. त्यात तुकडाही झिजतो. ताई घाईत होत्या, सढळ हाताने तासत गेल्या. नंतर कपाटातला खण आणि अंधार.

एका सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीशी त्या बाईची मुलगी आली. बाई शिवणकाम करणारी. सलाइनमधून दिलेलं औषध आता लागू पडेना.

"ताई, आईला दम फार लागतो, पुन्हा सुई नको म्हणतात डॉक्टर. जुन्या तुकड्यावर जनुकांची तपासणी होईल ना? इतके दिवस टिकतं का हो ते?"

"टिकतं. उरलंय किती, ते बघते."

"आई म्हणते, माझा तुकडा दोन वर्षं उपाशी राहून टिकला, मग माझ्याच मागे का जेव जेव म्हणून लागता?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी मला उजेडाकडे धरलं; तुकड्याची जेमतेम रेघ उरली होती.

पेशीने कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे जनुकांत लिहिलेलं असतं. फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत एखादं जनुक बदलतं आणि पेशी थांबायचं विसरते. त्यातल्या काही बदलांवर नेमकी गोळी असते. पण बदल कोणता, हे कळायला निदान आठ काप हवे होते.

ताईंनी मला बर्फावर गार केलं. या वेळी तासलं नाही; मलाच तिरका, सरळ करत पात्याशी जुळवत बसल्या. चहा निवला. एक काप. दोन. आठव्यात तुकड्याचा ठिपका होता. नववा निव्वळ मेणाचा.

दीड महिन्याने मुलगी पुन्हा आली.

"बदल सापडला! गोळी आहे, रोज एक."

"बऱ्या होतील?"

"तसं नाही म्हणाले डॉक्टर. पण दिवस मिळतील, बरे दिवस. घेऊन महिनाही नाही झाला, काल आई शिलाई मशीनवर बसली. माझ्या लेकीचा फ्रॉक बेतलाय."

"आणि मला आज सांगताय?"

"अहो, धावपळच चालली होती. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, म्हणून आले."

ताईंनी कपाटातून मला काढून एकदा पाहिलं आणि परत खणात ठेवलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी त्या पात्यापाशी उभं राहील. तासण्याआधी विचारा, पुढे काय काय लागेल, आणि सगळे काप एकदमच काढून ठेवा. मला दुखत नाही, म्हणून जपायचं तुम्हालाच आठवावं लागेल. हाताला मेण लागतं, पण आत कुणाची तरी आई असते.