धुतलेला माऊस

खांडेनवमीला आमच्या किराणा दुकानात तराजू, वजनं, मापं, सुरी सगळं धुऊन पूजेला मांडतात. दोन हजार पाच साली आमच्या अण्णाजींनी कॉम्प्युटरचा माऊसही नळाखाली धरला. "हत्यारच हाय न तेही? मंग धुवाले नको?" वर त्याला हळदकुंकूही वाहिलं. मी आतल्या आत धुमसलो, पण बापापुढे बोलणार काय! माऊस उन्हात ठेवला आणि दुकानाच्या कोपऱ्यात मी एका कॉम्प्युटरवर चालवायचो ते नेट कॅफे आज बंद, अशी पाटी लावली.

पाटी लावतो न लावतो तोच सुलोचनामावशी धावत आली. तिच्या वस्तीतले लोक दीक्षाभूमीला जायला निघाले होते आणि ही अनवाणी माझ्या दारात. तिचा मुलगा रत्नदीप मस्कतला होता. बोरगाव मेघेच्या क्लासमध्ये मला कॉम्प्युटर शिकवणारे रत्नदीप सर ते हेच. कारखान्यात काहीतरी फुटून त्यांच्या डोक्याला आणि डोळ्यांना जबर मार बसला होता. थोड्याच वेळात ऑपरेशन होतं. त्याच दवाखान्यात कामाला असलेला त्यांचा मित्र प्रेमदास नेटवरून बोलणं करून देणार होता.

"एक डाव माहा आवाज त्याच्या कानावर पडू दे, बापू. डॉक्टर काईच भरोसा देऊन नाई राह्यले."

मी पाटी काढली. कीबोर्डवरूनच कसंबसं नेट जोडलं, प्रेमदासचा कॉल घेतला. स्पीकरमधून सरांचा आवाज आला.

"आई? आली काय तू?"

"आली न रे! इथंच बसली आहो!" मावशी माईकमध्ये ओरडली.

"आई?"

त्यांना काहीच ऐकू जात नव्हतं. 'तुमचा आवाज येत नाही, नर्सला थांबवून येतो,' असं टाइप करून प्रेमदास गेला. आता मी लिहिलं तरी वाचणार कोण? सरांच्या डोळ्यांवर पट्टी. फोन लावावा तर आमची लाइन एकच आणि तिच्यावरच नेट; ते तोडलं तर सरांचा आवाजही तुटणार.

या मशीनवर माईक कधी वापरलाच नव्हता. तो सेटिंगमध्ये बंद असणार, हे कळत होतं. पण तिथवर बाण न्यायचा कशाने? माऊस उचलला तर त्यातून पाणी गळलं.

सर क्लासमध्ये मुद्दाम आमचे माऊस काढून घ्यायचे. "माऊस मेला तं तुमी काय सुतक पाळान?" म्हणायचे आणि नुसत्या कमांडने सेटिंगच्या खिडक्या उघडायला लावायचे. विंडोजचं बटण आणि आर दाबलं की एक चौकट येते, तिच्यात खिडकीचं नाव टाकायचं. चौकट आली, पण नाव आठवेना! एक टाकलं, तारीख-वेळ उघडली. दुसरं टाकलं, प्रिंटर. मला रडू यायचं बाकी होतं. ज्यांना ते नाव पाठ, ते पलीकडे हाका मारत होते आणि मला त्यांना विचारता येत नव्हतं.

मग हाका थांबल्या. कोणी ऐकत नाही असं समजून सर स्वतःशीच बोलू लागले.

"नाई आली आई. बरंच झालं... मले लय भेव लागून राह्यलं. मले मरायचं नाई, आई." आणि ते हमसून हमसून रडायला लागले.

मावशीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. आणि माझ्या बोटांनाच आठवलं: एसएनडीव्हीओएल, बत्तीस. उघडली ती स्पीकरची खिडकी. मेलो! पुन्हा तेच नाव, पुढे तिरकी रेघ आणि आर. आता रेकॉर्डिंगची खिडकी आली. टॅब दाबत दाबत माईकवर पोचलो, स्पेस दाबला. टिक पडली.

"मावशी, बोल! आता जाते आवाज!"

तिने डोळे पुसले, घसा खाकरला.

"रत्नदीप, अरे मी आत्ताच आली पाय. तू काई म्हणत होता काय? मले तं काईच ऐकू नाई आलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"काई नाई, आई. मजेत आहो मी."

"मंग जाय बिनधास्त. मी इथून हलत नाई."

तेवढ्यात तिकडे माणसं आली आणि कॉल बंद झाला. मावशी खुर्चीतून उठेना. पाणी दिलं, ते तिने बाजूला ठेवलं.

"त्याले समजलं तं नसन न रे, का मी सारं ऐकलं?"

"नाई, मावशी. कसं समजन?" मी म्हणालो.

आपला माईक बंद असला तरी स्पीकरमधून पलीकडचं सगळं ऐकू येतच असतं, हे मला सरांनीच शिकवलं होतं.