संमतीचा शब्द

हुकूमशहा पळून दोन वर्षं झाली होती, तरी सचिवांची लाल पेन्सिल तीच होती. परराष्ट्र खात्याच्या भाषांतर विभागात भाषांतरकार बाईंनी आपला मसुदा परत आलेला पाहिला आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

आंतरराष्ट्रीय मानवाधिकार न्यायालयाचा अधिकार मान्य करायचा करार होता. एकेचाळीसावं कलम साधं होतं : देशात न्याय मिळाला नाही, तर कोणताही नागरिक थेट त्या न्यायालयाकडे जाऊ शकेल. सचिवांनी मधे दोनच शब्द घुसडले होते, 'सरकारच्या संमतीने'.

बाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या. "साहेब, मुळात हे कुठे आहे?"

"भाषांतरात थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं, बाई. सार्वभौम देशाने परक्यांपुढे किती वाकायचं?"

"ज्याने मारलं, त्याचीच परवानगी काढून तक्रारीला जायचं?"

सचिव हसले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा धाकटा भाऊ छापखान्यात जुळारी होता. हुकूमशहाविरुद्धच्या एका पत्रकाचे खिळे जुळवले म्हणून त्याला उचललं आणि चौथ्या दिवशी त्याचं प्रेत घरी आणून टाकलं. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं होतं, हृदयविकार. वय सव्वीस. आईने तीन न्यायालयांचे उंबरे झिजवले. तिन्हीकडे कारण न देता अर्ज फेटाळला गेला.

बाई थेट मंत्र्यांकडे गेल्या. मंत्री पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, नऊ वर्षं तुरुंगात होते. सगळं खातं त्यांना मास्तर म्हणायचं. त्यांनी कागद वाचला आणि पेन्सिलीच्या खुणेवर बोट आपटलं.

"चार वेळा आपण राज्यघटना लिहिली. चारही वेळा कुणीतरी रेडिओवर पाच मिनिटं बोललं आणि ती गेली. म्हणून मला हा करार हवाय. उद्या सेनापतीची नियत फिरली, अगदी माझी फिरली, तरी बाहेर जाब विचारणारं कुणीतरी हवं. आपणच आपले हात बांधून घ्यायचे. संमतीची पळवाट ठेवली तर बांधलं काय?"

दुसऱ्या दिवशी संसदेच्या समितीपुढे मजकूर वाचायला बाईंनाच बोलावलं. सभासदांच्या हातात आधीच वाटलेली सचिवांची प्रत होती. बाईंनी आपली वाचली. एकेचाळीसाव्या कलमाशी एक निवृत्त कर्नल गुरकावले, "दोन शब्द गाळलेत तुम्ही!"

"गाळले नाहीत. ते मुळात नाहीतच. कुणी घातले, ते सचिवांना विचारा."

सचिव कागद चाळत बसले. कलम जसंच्या तसं मंजूर झालं. बाईंचा ऊर भरून आला, तो समितीच्या अध्यक्षांचं पुढचं वाक्य ऐकेपर्यंत. करार सहीच्या तारखेपासून लागू होईल. आधीच्या घटना त्यात येणार नाहीत.

बाईंनी मास्तरांना व्हरांड्यात गाठलं. "हे कधी ठरलं?"

"काल रात्री. नाहीतर लष्कराने सही होऊ दिली नसती."

"म्हणजे माझा भाऊ देऊन तुम्ही सही घेतलीत."

"हो," मास्तर म्हणाले. "माझ्या कोठडीत मेलेले सहा जणही दिले."

"ते तुमचे होते. माझा भाऊ मला न विचारता दिलात!"

बाई त्यांना तिथेच उभं सोडून निघाल्या.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे यापुढे कुणाचं पोर मेलं, तर त्याच्या आईला तिकडे जाता येईल?"

"येईल."

"चांगलं झालं. आणि म्हणून मी आता गप्प बसायचं?" आईने टेबलावरचं सामान हाताने बाजूला लोटलं. "कागद घे. लिही त्या न्यायालयाला अर्ज."

"आई, ते घेणारच नाहीत."

"न घेऊ देत! पण का घेत नाहीत, ते त्यांनी सहीशिक्क्यानिशी मला कळवायचं. इथल्या तिन्ही न्यायालयांनी तेवढंही केलं नाही."

बाईंनी पेन उघडलं. भावाचं नाव त्यांनी इतकं दाबून लिहिलं, की कागद फाटला; दुसऱ्या कागदावर त्यांनी ते पुन्हा लिहिलं.