केसभर उंच दाढ

चर्चमध्ये कुणाची साक्ष संपली की मंडळीने एकमुखाने ‘आमेन’ म्हणायचे, अशी रीत होती. त्या रविवारी ते कुणीच म्हटले नाही. पुढच्या बाकावर कुणाच्या तरी चष्म्याची डबी खटकन मिटली, तेवढाच आवाज. कवळ्या बनवणारा, साठीला टेकलेला तो माणूस वेदीसमोर उभा होता आणि लिहून आणलेला कागद न उघडता त्याच्या खिशातच राहिला होता.

मंडळीत त्याला ‘समाधानी’ म्हणत. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दोघा भावांपैकी एकालाच पुढे शिकता येणार होते. थोरला घरी राहिला, धाकटा दातांचा डॉक्टर झाला. मग वर धाकट्याचा दवाखाना आणि खाली थोरल्याची कवळ्यांची खोली, अशी तीस वर्षे गेली. लोक वर आरशात हसून पाहत, आभार वरच मानत. खाली प्लास्टर, मेण आणि घासकामाची गुलाबी धूळ. त्याने कधी कुरकुर केली नाही. म्हणूनच पाळकांनी समाधानावर साक्ष द्यायला त्याला निवडले होते.

त्याने सांगितले ते एवढेच. अकरा वर्षांपूर्वी एका निवृत्त मास्तरांच्या कवळीत त्याने एक दाढ जाणूनबुजून केसभर उंच ठेवली. जेवताना हिरडी सोलून निघावी, बोल मात्र वरच्या मजल्याला लागावा. तसेच झाले. मास्तरांनी भरल्या दवाखान्यात डॉक्टरांची लाज काढली, डॉक्टरांनी हात जोडले, आणि तो जिन्याखाली उभा राहून ऐकत होता.

“ऐकून बरं वाटलं मला,” तो म्हणाला होता. “त्या आठवड्यातही तुम्ही मला समाधानीच म्हणत होतात.”

धाकटा तिसऱ्या बाकावर होता. त्याने मान वर केली नव्हती.

घरी जाताना वळणावर बायको थांबली.

“पाच मिनिटं दिली होती बोलायला,” मग ती म्हणाली. “तेवढ्यात तुम्ही तीस वर्षांची इस्त्री मोडलीत.”

यातून मिळाले काय, असेही तिने विचारले.  प्रार्थनेत त्याला इतकी वर्षे एका जागेला वळसा घालून जावे लागे. आज सकाळी तो तिथून सरळ गेला होता, इतकेच. पण वरच्या मजल्यावरचा भाऊ आता खाली काम पाठवील का, हे त्या सरळ वाटेवरही दिसत नव्हते.

सोमवारी दहा वाजता नर्स ओल्या फडक्यात गुंडाळून दातांचे ठसे आणत असे. दहा वाजून गेले. त्याने स्वच्छ टेबल पुन्हा पुसले. साडेदहाला जिन्यावर पावले वाजली. ठसा हातात घेऊन धाकटा स्वतः उतरला होता.

ठसा थांबत नाही. वाळला की आकसतो. थोरल्याने प्लास्टर कालवले, ठशात ओतले आणि बुडबुडे निघावेत म्हणून तो ठसा टेबलावर हलके हलके आपटू लागला. धाकटा उभाच होता.

“समोरचा एक दात किंचित तिरका ठेव,” तो म्हणाला. “या बाईंचा मुळात तसाच होता.”

“ठेवतो.”

“मास्तरांना मी उंच दात शोधायचा निळा कागद चावायला दिला होता, दादा. पहिल्याच चाव्यात त्या एका दाढेवर खूण उठली. नुसत्या त्या एकीवर. तुझ्या हातून अशी चूक होत नाही.”

आपटणे थांबले.

“म्हणजे तू तेव्हाच ओळखलंस,” थोरला म्हणाला. “मग अकरा वर्षांत एकदाही विचारलं का नाहीस मला?”

फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने उघडे होते. धाकट्याने त्यांच्याकडे पाहिले. “शिकायला मी गेलो होतो ना,” तो म्हणाला. थोरल्याच्या तळहातात ठसा आतून गरम होत चालला होता. प्लास्टर घट्ट होताना होतो तसा. धाकट्याने फळीवरून बाहीला लागलेली गुलाबी धूळ झटकायला हात उचलला, झटकली नाही, आणि तशाच बाहीने तो जिना चढून वर गेला.