शेजारचं बटण

डॉक्टरीणबाईंनी अगदी सोपं विचारलं होतं. "आजोबा, एक आणि एक किती?"

"आधी सर म्हणा," बाबा म्हणाले. "आणि उत्तर शून्य."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. आता सगळं बाईंच्याच हाती होतं. त्या हो म्हणाल्या तर बाबा आपल्या घरी राहणार, नाही तर वृद्धाश्रमात. लेकीची नोकरी परगावी, राहायला भाड्याची एक खोली, तीही तिघींत. आणि परवा बाबांच्या घरात गॅस कोंडला होता. वरचे शेजारी वास येऊन धावले आणि खिडक्या उघडता उघडता ओरडले, "मास्तर, वर जायची घाई तुम्हाला, मला कशाला सोबतीला नेता?"

"बाबांचं उत्तर बरोबर आहे," लेक घाईघाईनं म्हणाली. "जन्मभर बीजगणित शिकवलं त्यांनी. त्यांच्या गणितात अंक दोनच, शून्य आणि एक. एकात एक मिळवला की शून्य. जोडीला अल्फा नावाचं एक अक्षर. मी त्यांच्याच वर्गात शिकलेय. बाबा, अल्फाचा घन?"

"अल्फा अधिक एक. तसं ठरवूनच घेतलंय ना आपण."

"चौथा घात?"

"अल्फाचा वर्ग अधिक अल्फा. झोपेतून उठवून विचार."

"पाहिलंत?" लेकीचा चेहरा उजळला. "डोकं जागेवर आहे."

बाई हसल्या. "मग गॅसचं काय झालं, सर?"

"काय व्हायचंय? बटण फिरवलं, एक. मग वाटलं, दूध गारच पिऊ. पुन्हा फिरवलं, आणखी एक. एक अधिक एक शून्य. बंद!"

"आणि वास?"

"तो त्या शेजाऱ्याच्या नाकाला विचारा."

बाई मोठ्यानं हसल्या, पेन उचललं. लेकीनं इथं गप्प बसायचं होतं. पण ती पडली बाबांचीच विद्यार्थिनी.

"बाबा, दुसऱ्यांदा कुठलं बटण फिरवलंत?"

"शेजारचं."

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. एक, अल्फा आणि अल्फाचा वर्ग, या तीन पदांच्या आधारावर बाबांचं सगळं गणित उभं. पहिल्याच तासाला ते वर्गाकडून गाऊन घेत:

एकाला भेटे एक, हाती उरे शून्य;
अल्फाला भेटे एक, दोघे राहती भिन्न.

वेगळी पदं एकमेकांना खात नाहीत. शेगडीची दोन्ही बटणं उघडीच राहिली होती. जगाच्या हिशेबात बाबा चुकले असते तर ती भांडली असती. ते स्वतःच्याच गाण्यात चुकले होते.

बाईंना गणित कळलं नाही. लेकीचा चेहरा मात्र कळला. त्यांनी हलकेच नकारार्थी मान हलवली आणि लिहायला घेतलं.

बाहेर बाकावर ती बाबांच्या स्वेटरची बटणं लावू लागली. "घराऐवजी आश्रम, नुसता आधार बदलायचा, बाबा. तुम्हीच सांगायचात ना, आधार बदलला की आकडे बदलतात, घटक तोच राहतो."

मठ्ठ पोरीनं अचानक बरोबर उत्तर द्यावं तसे बाबा खूश झाले. "शाब्बास. पण पुढचं विसरलीस."

"काय?"

"नव्यावरून जुन्यावर परत येता आलं पाहिजे. नाही तर तो आधारच नव्हे." मग तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "येता येईल ना गं?"

ती बटणं लावत राहिली. गळ्यापाशी आली तेव्हा एक बटण काजाविना उरलं. खालचं पहिलंच बटण शेजारच्या काजात गेलं होतं. तिनं सगळी सोडली आणि खालून पुन्हा लावायला घेतली.