जिन्यातला मधला

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो, आणि घरात नेट अडकलं की पहिल्या शिव्या मलाच बसतात. माझा एक अँटेना फडकं मारताना वाकला, पण तोरा अजून ताठ आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा काय थाट होता माझा! दिवाणखान्यात टीव्हीशेजारी जागा, रोजची पुसापुशी. पाहुण्यांना पाणी मिळायच्या आधी माझा पासवर्ड मिळायचा. मग घरावर मजला चढला. वर नेट पोचेना, म्हणून बाबांनी माझ्या जागी नवा राउटर बसवला आणि मला जिन्यात, इस्त्रीच्या टेबलामागे ढकललं. तरी वरच्या खोलीतली रड थांबेना, म्हणून तिथे तिसरा आला. नेट हळू झालं की राउटर वाढवायचा, हे बाबांचं शास्त्र.

आमचं काम निरोप्याचं. खालचा मला सांगणार, मी वरच्याला, वरचा आईच्या लॅपटॉपला. तेही बिनतारी, तिघंही एकाच चॅनलवर. मी ऐकू तरी कधी आणि बोलू तरी कधी? जीव नुसता मेटाकुटीला यायचा.

आई वरच्या खोलीत बसून, ऐकू न येणाऱ्या मुलांना हातांच्या खुणांची भाषा शिकवते. तिथे आवाज गेला तर चालतं, चित्र अडकून चालत नाही. एकदा तिचा हात पडद्यावर हवेतच थिजला, तर वर्गातल्या सगळ्या मुलांनी तसेच हात वर धरून ठेवले. बाई शिकवतायत ना!

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. शाळेने कळवलं, उद्याच्या तासाला मुख्याध्यापिका बसणार आहेत. चित्र पुन्हा अडकलं तर आईचा वर्ग दुसऱ्या बाईंकडे जाणार.

"अजून एक राउटर आणतो," बाबा म्हणाले.

"आण की," आत्या म्हणाली. "आपण अंगणात राहू, राउटर राहतील घरात."

आई जिन्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. "माझ्या वर्गात सगळ्यांनी एकदम हात हलवले की कुणाचंच काही कळत नाही," ती म्हणाली. "ह्या तिन्ही राउटरांचंही तसंच होत असेल का हो?"

तिने आम्हां तिघांना बंद केलं. मग एकट्या खालच्याला चालू करून लॅपटॉप त्याच्याशेजारी नेला. नेट सुसाट. मग मला चालू करून माझ्याजवळ आणला. निम्मं. शेवटी वरच्यालाही चालू करून त्याच्यापाशी नेला, तर मुंगीच्या पावलानं. बाबांनी पुन्हा मोजलं, तेच आलं.

"म्हणजे मी वाढवलेल्या प्रत्येक राउटरनं नेट आणखीच हळू केलं?" बाबा म्हणाले.

"हो रे दादा," आत्या मायेनं म्हणाली.

बाबांनी खालच्यापासून वरच्यापर्यंत जिन्यातून थेट वायर ओढली आणि दोघांना वेगळे चॅनल दिले. आता मधल्याचं काम काय? वायर माझ्या डोक्यावरून गेली आणि माझं बटण बंद झालं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं राबलो होतो.

दुसऱ्या दिवशी आत्या जिना उतरता उतरता बाबांना सांगत होती. चित्र एकदाही अडकलं नाही. तास संपल्यावर मुलांनी दोन्ही हात उंच करून हलवले, त्यांच्या टाळ्या तशाच असतात. मुख्याध्यापिकांनीही हलवले. वर्ग आईकडेच राहिला.

मित्रांनो, आम्हाला टेबलामागे कोंबू नका, आणि नवा आणण्याआधी आहेत त्यांना एकेक करून तपासा. माझं म्हणाल, तर इतकी वर्षं अखंड बडबड करून आईसाठी जे जमलं नव्हतं, ते त्या दिवशी गप्प बसून जमलं.