आरशावरचा टॉवेल

मित्रांनो, मर्गिलान शहरातल्या आमच्या मोहल्ल्यात माझ्यावाचून एकही लग्न लागत नाही. मी आहे एक जुना आरसा. ताटाएवढा, पितळी चौकटीचा, खालच्या कोपऱ्यात जरासा तडकलेला. आपली स्तुती आपणच करू नये म्हणतात, पण खरं सांगायला लाज कसली?

माझी चौकट इथल्याच बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने ठोकून घडवली. तिच्यावर डाळिंबाची फुलं कोरताना त्याने दोनदा अंगठा कापून घेतला आणि मला यथेच्छ शिव्या दिल्या. तेव्हापासून माझं काम ठरलं. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर रेशमी कापड धरतात आणि खाली मला पुढे करतात. दोघांनी माझ्यात एकमेकांना पाहायचं. बायका विचारतात, "काय दिसतंय?" उत्तर ठरलेलं असतं, "चंद्र आणि सूर्य." असे शेकडो चंद्र-सूर्य मी पाहिले. एका सूर्याला तर ऐन वेळी सर्दी झाली होती.

लग्न नसलं की माझा मुक्काम अंझिरत होलांकडे. होला म्हणजे मावशी. त्या खऱ्या मावशी होत्या त्यांच्या भाचीच्या, मोहिराच्या, पण अख्खा मोहल्ला त्यांना होलाच म्हणे. मोहिराचे आईवडील कामासाठी परमुलखात होते, म्हणून ती इथेच वाढली, माझ्यासमोर. पहिला दात पडला तेव्हा तिने तोंड उघडून आधी मलाच दाखवलं. तिचा मला फार लळा होता.

विसाव्या वर्षी तिचं लग्न सर्वर नावाच्या मुलाशी ठरलं, आणि त्याच सुमारास तिच्या हनुवटीवर आणि जबड्यावर फोड उठू लागले. खोल, ठणकणारे. मग काय, जो येईल तो हकीम! एक म्हणाली, "गालावरचे फोड यकृताचे, कपाळावरचे आतड्याचे." दुसरीने नजर लागली म्हणून धुरी दिली. शेवटी होलांनी आपला हुकमी उपाय काढला, दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, शेपटीची चरबी.

"अगं, हिने भेगाळलेली टाच लोण्यासारखी होते, मग हे तर गाल आहेत!" त्या म्हणाल्या.

मोहिरा रोज ती चरबी फासून माझ्यासमोर बसे आणि नखांनी फोड पिळे. फोड दुप्पट झाले. हनुवटीवरचे राठ केस ती दोऱ्याने उपटताना मी पाहत होतो. मला सगळं दिसत होतं, पण मला तोंड कुठे आहे? आयुष्यात तेवढीच एक खंत मला लागली.

एके दिवशी तिने माझ्यावर टॉवेल टाकला. मित्रांनो, आमच्याकडे आरसा झाकतात तो घरात कोणी वारलं की. होला संतापल्या, पण पोरीने ऐकलं नाही.

"मी लग्नाला उभीच राहणार नाही," ती रडत म्हणाली. "त्या कापडाखाली तो इतक्या जवळून माझं हे तोंड बघणार? नकोच ते!"

"मग दवाखान्यात नेऊ का तुला? लग्न ठरलेली मुलगी दवाखान्याच्या पायरीवर दिसली, की संध्याकाळच्या आत मुलाकडे बातमी. नवरी आजारी म्हणून लग्न मोडेल, बाई!"

असे पंधरा दिवस मी अंधारात काढले. सोळाव्या दिवशी डॉक्टर रानो आल्या. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या, त्वचेच्या डॉक्टर. पुतण्याच्या लग्नासाठी मला मागायला आल्या होत्या. दारातूनच त्यांची नजर टॉवेलवर गेली. त्या चपापल्या आणि दुव्यासाठी दोन्ही तळवे उचलून हळूच म्हणाल्या, "होला, कोण गेलं हो?"

"कोणी नाही गं!" होला चरफडल्या. "आमच्या राणीसाहेब फोडांचं सुतक पाळताहेत!"

रानो हसल्या नाहीत. त्यांनी टॉवेल काढला, मोहिराला माझ्यासमोर उजेडात बसवलं आणि विचारलं, "तोंडाला काय लावतेस?"

"दुंब्याची चरबी, आपा."

"अरे देवा! ती पुलावात घाल. आणखी एक सांग, पाळी वेळेवर येते?"

मोहिराने होलांकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "चार महिने नाही आली. आणि इथे केसही येतात."

"लग्नाच्या काळजीने होतं असं," होला घाईघाईने म्हणाल्या.

"होईलही. पण तपासल्याशिवाय कसं कळणार? होला, चेहरा म्हणजे काही नकाशा नव्हे, की गालावर यकृत आणि कपाळावर आतडी. बहुतेक फोड वयाचे असतात. पण जबड्यावरचे फोड, चुकलेली पाळी आणि हे राठ केस असं सगळं एकत्र आलं, की हार्मोनचं गणित बिघडल्याची शंका येते. रक्त तपासू, सोनोग्राफी करू. यात लपवण्यासारखं काही नाही."

"आणि मुलाकडच्यांना कळलं तर?"

यावर मोहिराने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. तिने चेहरा पुसला, फोन उचलला आणि सरळ होणाऱ्या सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. होला कपाळाला हात लावून खाली बसल्या. पलीकडून खणखणीत शब्द आले. "बरं केलंस पोरी, आधी सांगितलंस. मला तुझं तोंड जन्मभर बघायचंय, लग्न दोन महिने पुढे गेलं तर काय बिघडतं? कापूस वेचून झाला की करू लग्न."

तपासणीत रानोंची शंका खरी ठरली. पाळीसाठी वेगळ्या डॉक्टरांची औषधं सुरू झाली. चेहऱ्याचा नियम साधा होता. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवायचा, घासायचा नाही, नखं लावायची नाहीत, झोपताना वाटाण्याएवढं मलम सगळीकडे पातळ पसरायचं. "पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडेल, घाबरायचं नाही," रानोंनी बजावलं. "फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील. आणि मूल हवं असेल तेव्हा आधी मला विचारायचं, काही औषधं तेव्हा चालत नाहीत." तिसऱ्या आठवड्यात मोहिरा वैतागली आणि चरबीच्या बरणीकडे वळली. बरणी रिकामी होती. होलांनी चरबी खरोखरच पुलावात घातली होती.

कापूस वेचून झाला. डोक्यावर रेशमी कापड आलं, आणि खाली मी. सर्वर माझ्यात पाहत राहिला. मोहिराच्या जबड्यावर काही फिकट डाग होते आणि हनुवटीवर एक नवाकोरा फोड.

"काय दिसतंय गं?" बायकांनी विचारलं.

"सर्वर दिसतोय," मोहिरा ठामपणे म्हणाली, "आणि मी. फोडासकट."

बायका हसल्या, सर्वरही हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या होला.

तेव्हा मित्रांनो, या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. मी फक्त फोड दाखवतो. तो का आला हे मला कळत नाही, शेजारणीलाही कळत नाही. ते डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना काही लपवू नका. माझी काच पुसायला विसरलात तरी चालेल, पण माझ्यावर टॉवेल तेवढा टाकू नका. आरसा झाकतात तो गेलेल्या माणसासाठी. तुम्ही तर अजून माझ्यासमोर उभे आहात.