कल्पनाच्या लग्नाची सीडी

मी कल्पनाच्या लग्नाची सीडी. बोलतेय खरी, पण मला बोलायला दुसऱ्याचं तोंड लागतं. संगणकात नीट प्लेअर असला तर मी बोलते, नाहीतर पोटातलं पोटातच राहतं. आणि माझ्या पोटात जे होतं, ते ठाऊक असूनही गप्प पडून राहणं फार जीवघेणं होतं.

माझा जन्म २००७ सालचा. जांबे गावच्या रत्नाबाईंच्या थोरल्या लेकीचं लग्न फोटोवाल्याने माझ्यावर उतरवलं, अंगावर काळ्या मार्करने 'कल्पना' लिहिलं आणि मला प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं. टीव्हीखालच्या सीडी लावायच्या डब्याने मला आत घेतलं, घरघर केली आणि बाहेर ढकललं. "ही कॉम्प्युटरवरच चालंल," फोटोवाला म्हणाला. घरात कॉम्प्युटर नव्हता. मग मी कपाटात, साड्यांच्या घडीत. कपाटाचं दार करकरलं तरी मी दचकायची.

तिथेच मी भांडण ऐकलं. आमच्याकडे लग्नात माईकवरून नाव पुकारून पाहुण्यांना फेटा बांधतात, आणि पहिला मान नवरीच्या मामाचा. बहिरूमामा म्हणजे रत्नाबाईंचा धाकटा भाऊ, कासारसाईचा. त्याचं म्हणणं, आपलं नावच घेतलं नाही.

"सरपंचापासून कॅबवाल्यापातूर समद्यांची नावं घेतली. माझंच घ्यायला तोंड दुखलं व्हय?"

रत्नाबाईंनी फेटा कासारसाईला पाठवला. तुझाच हाय, तवापासून जपून ठेवलाय, असा निरोप दिला. फेटा परत आला. "मागनं बाजारातनं आनल्याला फेटा मला नको."

पुढच्या वर्षी धाकट्या सृष्टीचं लग्न ठरलं. मुंडावळ्या बांधलेल्या भाचीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं असतं. मामाने कळवलं, येणार नाही. रत्नाबाई कुणाला काही बोलल्या नाहीत, पण कपाट उघडलं की त्या फेट्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहायच्या. मी बाजूलाच. मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं.

तोवर घरात कॉम्प्युटर आला होता. सृष्टी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. पोर माझ्यासारखीच भित्री, फोन वाजला तरी हातातला कप हिंदकळायचा. वरच्या खोलीतला भाडेकरू स्वानंद, लातूरकडचा, हिंजवडीला कंपनीत जायचा. त्याने तिला एक प्लेअर पेन ड्राइव्हमध्ये घालून दिला. "फुकटचाच आहे. दिसायला गरीब, पण काहीही खायला घाल, पचवतो. फुकट म्हणून पहिला दिसला तो उचलू नकोस." पण पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतो असं तिने वर्गात ऐकलं होतं. त्या भीतीने तिने तो टेबलावर तसाच ठेवला आणि सायबर कॅफेवाल्याकडून दुसरा प्लेअर एका सीडीवर भरून आणला. तोही फुकटचाच. निळा, चकचकीत, नुसती बटणंच बटणं.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी टेम्पो आला. लग्नाच्या जेवणाला तांदळाची पोती घेऊन मामा स्वतः आला होता. पोती उतरवली, पण घरात आला नाही. चपला न काढता पायरीवर बसला.

"मामाचं काम मामानं केलं. आता निघतो."

"पानी तरी पी," रत्नाबाई म्हणाल्या.

"तहान न्हाई, आक्का."

मामाचं नाव पुकारलं होतं की नाही, ते एकदाचं त्याला ऐकवावं म्हणून सृष्टीने मला पाकिटातून काढलं. तिच्या बोटांना घाम होता, माझ्या काठाला तो लागला. आत अंधार, मग गरगर. आणि मी बोलायला लागले. पण पडदा काळाच. त्या निळ्या प्लेअरला माझा आवाज कळत होता, चित्र उलगडत नव्हतं.

माईकवाला ओरडत होता, "नवरीचे मामा, कासारसाईचे बहिरूमामा, स्टेजकडं या. बहिरूमामा." सृष्टीच्या चेहऱ्यावर उजेड आला. मामाही पायरीवरून वळला. मला मात्र पुढचं ठाऊक होतं. थांबव गं, थांबव, असं मी आतल्या आत म्हणत होते. सीडीचं कोण ऐकतं.

"मामा पंगतीला बसले वाटतं. भूक आवरंना मामांना." हशा. "चला, मग ह्यो मानाचा फेटा आपल्या प्लॉटिंगवाल्या दादासाहेबांना बांधू." टाळ्या.

मामा उठला.

"मी हिंजवडीच्या चौकात लग्नाच्या पान्याच्या टँकरम्होरं पळत हुतो. कंपनीच्या गाड्या टँकरला वाट देत नव्हत्या. आन हितं मी जेवतोय म्हनून दात काढत हुते. फेटा त्या प्लॉटिंगवाल्याला."

"बहिरू, न्हाई दिला रं त्याला."

"मग टाळ्या कशाच्या, आक्का?"

टेम्पो सुरू झाला.  सृष्टीने टेबलावरचा स्वानंदचा पेन ड्राइव्ह उचलला. घाईत तो दोनदा उलटा लागला. गरीब, राखाडी प्लेअर उघडला. ती धावत दारात गेली.

"मामा, चित्र बघून जा."

"ऐकलं की समदं. आता काय ऱ्हायलं?"

"तुम्हाला टँकर आणताना कुणी बघितलं नाही, म्हणून हसले. आता तुम्हीपण न बघताच चाललाय."

टेम्पो घुरघुरत राहिला. मग बंद झाला. मामा उंबऱ्यापर्यंत आला, चौकटीला धरून वाकला.

पडद्यावर रंग उतरले. पुन्हा तोच हाक मारणारा, तोच हशा. दादासाहेब डोकं पुढे करून उभे. आणि कडेने हिरव्या नऊवारीत रत्नाबाई आल्या. सगळे हसत होते, त्या नव्हत्या. ताटातला गुलाबी फेटा त्यांनी उचलला आणि पदराखाली घेतला. दादासाहेबांच्या गळ्यात कुणीतरी टॉवेल टाकला, टाळ्या त्या टॉवेलच्या होत्या. रत्नाबाई फेटा छातीशी धरून मांडवाच्या दाराकडे बघत राहिल्या. पुढे कॅमेरा जेव्हा जेव्हा तिकडे फिरला, तेव्हा त्या तशाच.



"परत लाव गं त्येवढंच," मामा म्हणाला. सृष्टीने लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्याच्या चपला दाराबाहेर होत्या.

"कुटं हाय त्यो?"

"कपाटात," रत्नाबाई म्हणाल्या. "घडी मोडली न्हाई."

लग्नात सृष्टीच्या पाठीशी गुलाबी फेट्यातला मामा उभा राहिला. ते मी पाहिलं नाही, ते दुसऱ्या सीडीच्या नशिबात.

आता २०१० चा पावसाळा सरतोय. काठावर दोन चरे पडलेत आणि भीती काही गेलेली नाही. भाताला लोंब्या आल्या की पाखरं हाकलायला आमच्या जातीच्या चकत्या दोऱ्याला बांधून शेतात टांगतात. उन्हापावसात वर्षभरात अंगाची आरशासारखी चकाकीही उरत नाही.

परवा मामा तेवढ्यासाठीच आला. रत्नाबाईंनी जुन्या सीड्यांची चवड पुढे केली, मी त्यातच होते. चष्मा सापडत नव्हता म्हणून रत्नाबाईंनी नाव वाचलं नव्हतं. मला ओरडताही येईना. मामाने एकेक उचलून पिशवीत टाकली. माझ्यापाशी थांबला. मार्करची अक्षरं पुसट झाली होती, तरी त्याने ती उजेडात धरून वाचली. सदऱ्याच्या टोकाने माझं अंग पुसलं.

"ही न्हाई," म्हणाला, आणि मला कपाटात, फेट्याच्या रिकाम्या जागेवर ठेवून दार हळूच लोटलं. दार करकरलं. मी दचकले नाही.